देवीच्या चित्राखालचं नाव

देवीचं चित्र आपण काढलं, तर त्याखाली आपलं नाव असावं असं वाटणं हे पाप आहे का? त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर या एका प्रश्नानं मला इतकं छळलं, की आमटीत दोनदा मीठ पडलं आणि घरात कुणी जेवेना. आज इतक्या वर्षांनी शांतपणे लिहिते आहे, पण तेव्हा शांत वगैरे मी मुळीच नव्हते. नुसती धुमसत होते.

आमचं घर बेंगळुरात शिवाजीनगरला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. पुढे माझ्या यजमानांचं शिवणाचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेली आमची माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. दुकानात उरलेल्या काळ्या अस्तराच्या तुकड्यांवर मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून शिंप्याच्या चपट्या खडूनं चित्रं काढायची. पुढे हौसेनं रंग घेतले. शिकवलं कुणी नाही. त्या वर्षी चांगल्या दोन हात अस्तरावर मी भवानी काढली, सगळ्यात शेवटी तिचे डोळे. खोटं कशाला बोलू, ते डोळे उतरले तेव्हा मीच दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "अगं बाई, हे मी केलं?"

नवरात्रात जवळच्याच एका सभागृहात देवादिकांची चित्रं मांडायची होती. आम्ही दोघं आमचं चित्र घेऊन गेलो. तिथली व्यवस्था बघणारे एक वयस्क मास्तर होते. त्यांनी चित्र उजेडात नेऊन पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि यजमानांचा हात हातात घेऊन कन्नडमध्ये म्हणाले, "फार छान काढलंत." हे म्हणाले, "मी नाही, हिनं." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. लुगड्याचा पदर, हातभर बांगड्या, बोटाला लागलेली हळद. त्यांना ते काही खरं वाटेना. मग म्हणाले, "याके बरीतीरा, बरकोंडु बन्नी." का काढता, ते लिहून आणा. इथे प्रत्येकजण चार ओळी देतो, त्या चित्राशेजारी लावतात. मास्तरांनी बजावलं, उद्या सकाळपर्यंत आणल्या तर चित्र माझ्या नावानं लागेल, नाहीतर यजमानांच्या.

वाटेत हे म्हणाले, "सरी, ठीक आहे, लावू देत की माझं नाव. माझं काय, तुझं काय, घरातलंच ना?" माणूस अगदी देवाघरचा, पण तेव्हा असा राग आला म्हणता! मी म्हटलं, "मग उद्यापासून दुकानाच्या पाटीवर माझं नाव लावा. घरातलंच ना?" घरी सासूबाईंनी ऐकलं आणि नाक मुरडलं. "देवीच्या पायाशी नाव लावून घ्यायचं? हे चित्र तिनं काढून घेतलं तुझ्याकडून. तू कोण गं?" हे मात्र काळजात घुसलं, कारण ते मला खरंही वाटत होतं.

दुपारभर कागद घेऊन बसले. वर 'श्री' लिहिलं आणि तिथेच अडले. माझं शिक्षण मराठी चौथी. आवड आहे म्हणून काढते, असं लिहावं तर आवड मला चिवड्याचीही आहे. देवीच्या सेवेसाठी, असं लिहावं तर सेवा करणारी नाव कशाला मागेल? लिहायचं आणि खोडायचं. शेवटी कागद, पेन्सिल आणि कागदाखाली धरायला एक पुठ्ठा घेऊन उठले आणि संध्याकाळच्या आरतीआधी देवीच्या देवळात जाऊन खांबाला टेकून बसले. मनात म्हटलं, आई, मला काही सुचत नाही. मी जर उगाच गर्वानं फुगले असेन, तर हे चित्र यांच्या नावानं लागू दे. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण काय ते एकदा सांग.

शेजारी एक म्हातारी हार ओवत बसली होती. काळी सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे पाहून ती मान हलवत म्हणाली, "बरे, बरे."

मी चिडलेच. डोळ्यांत पाणी होतं आणि ही म्हणते बरे! "कसलं बरे? काही बरं नाही, अज्जी!" मी मराठीतच बोलून गेले. म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. हवेत बोट फिरवून पुन्हा म्हणाली, "बरे!" तेव्हा माझी ट्यूब पेटली. जन्म बेंगळुरात गेला आणि साधं कन्नड कळलं नाही! ती म्हणत होती, लिही. नाहीतर म्हणत होती, चित्र काढ. कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द, बरे. आणि माझ्या मराठी कानाला ऐकू आलं होतं, सगळं ठीक आहे.

लिहायचं की काढायचं, हे तिला विचारायला हवं होतं. पण माझा हात काढायला लागलाही होता. तिचंच तोंड, तिची दोऱ्यावरची बोटं. स्वल्प वेळानं ती संकोचून म्हणाली, "याके हंगे नोडतीयम्मा?" अशी का बघतेस गं? मी कागदावरून मान न उचलता म्हटलं, "काढायचं तर बघायलाच लागतं, अज्जी. एरवी कुठे कोण कुणाकडे बघतं?"

आणि पेन्सिल थांबली. समोर गाभाऱ्यात देवी होती. मी रोज येते, हात जोडते, आणि हात जोडले की माझे डोळे आपोआप मिटतात. सगळ्यांचेच मिटतात. इतक्या वर्षांत मी तिला पाहिलं होतं ते फक्त त्या अस्तरावर, काढताना. मी तिथेच, म्हातारीच्या चित्राखाली लिहून काढलं: "हात जोडले की माझे डोळे मिटतात. चित्र काढताना मिटता येत नाहीत. मला देवीला बघायचं असतं, म्हणून मी काढते. मी जशी पाहिली तशी काढली आहे. दुसऱ्या कुणी पाहिली असती तर वेगळी झाली असती." बरोबर चार ओळी नव्हत्या, पण एकही खोडावी लागली नाही. आरतीची घंटा झाली, सगळे उठले, मीही उठले. वळून पाहते तर म्हातारी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांपुढे कागद ठेवला. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून मीच एकेक ओळ वाचून कन्नडमध्ये सांगितली. आवाज अगदी ठणठणीत. मास्तर कितीतरी वेळ म्हातारीच्या चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोरी पट्टी आणि टाक माझ्यापुढे सरकवला. "हेसरु बरीरि, अम्मा." नाव लिहा. मी लिहिलं. ऊर असा भरून आला की शेवटच्या अक्षराची वेलांटी थोडी वाकडी झाली.

अष्टमीला सासूबाईंना सभागृहात घेऊन गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. देवीला नमस्कार करून त्यांनी विचारलं, "तुझं नाव कुठलं?" मी दाखवलं. त्यांनी त्याच्याखालून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इतकं बारीक कशाला लिहिलंस? लांबून दिसत नाही."

ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. पुजाऱ्यांना विचारलं, फुलवाल्यांना विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हती. ती कोण होती याचा वाद मी घालत नाही. मी एक प्रश्न देवीच्या पायाशी टाकला आणि मला उत्तर मिळालं, एवढंच मला माहीत आहे. मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे आपण स्वतःला पुसून टाकायचं. पण त्या दिवशी देवीनं मला पुसलं नाही. बरे म्हणाली आणि कामाला लावलं. तेव्हापासून मी मान ताठ ठेवून काढते आणि काढून झालं की तिच्यापुढे वाकते. हा अनुभव तुम्ही छापलात, तर त्याखाली माझं नाव घालू नका. ते जिथे असायला हवं होतं, तिथे मी माझ्या हातानं लिहिलं आहे.