त्याची डावी बाजू

माधव गेला तेव्हा मी खाली साइडकारमध्ये बसून त्याची वाट बघत होते. रविवारची सकाळ होती. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधून त्याने गाडी बाहेर काढली होती, बराच वेळ खटपट केली होती, मला आत बसवलं होतं आणि हेल्मेटं आणायला तो पहिल्या मजल्यावर गेला होता. ऐरोलीच्या पुलापर्यंत चक्कर मारायची आणि येताना इडल्या घेऊन यायचं, एवढाच बेत. मग जिन्यावरून एक हेल्मेट धडधडत खाली आलं आणि वॉचमनच्या खुर्चीपाशी थांबलं. पाडलं वाटतं याने, असं मी मनात म्हटलं आणि हसलेसुद्धा... तेवढ्यात शेजारच्या सावंतवहिनींचा आवाज आला, "नंदाताई, लवकर वर या." आणि मला उठता येईना. कॉलेजात असताना मी पडले, तेव्हापासून माझा उजवा गुडघा नीट वाकत नाही. साइडकारची सीट खोल असते. तिच्यातून बाहेर यायला मला नेहमी माधवचा हात लागायचा. तो गाडी बंद करायचा, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला यायचा आणि हात पुढे करायचा. त्या दिवशी वॉचमन आणि सावंत, दोघांनी मला काखेत हात घालून बाहेर ओढून काढलं. मी वर पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. त्याला काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. मला तेवढ्याने समाधान होत नाही, पण धरून ठेवायला दुसरं काही नाही.

ज्यांनी साइडकार कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला लोखंडी नळ्यांनी एक पत्र्याची होडी जोडलेली असते, तिला स्वतःचं एक चाक असतं. अशी एकूण तीन चाकं. आमचं लग्न झालं तेव्हा माधवकडे नुसती मोटारसायकल होती आणि सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर कुठेतरी पसार व्हायची सवय होती. मला त्याच्या मागे बसता यायचं नाही. एका बाजूला बसलं तरी गुडघा लोंबकळून ठणकायचा. पहिल्या वर्षी तो दोनदा एकटाच कोकणात जाऊन आला. डबा बांधून देताना माझ्याकडून भांडी जरा जास्तच वाजली असतील. त्यानंतर एके दिवशी तो घाटकोपरहून ही साइडकार घेऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांच्या गॅरेजमध्ये ती धूळ खात पडली होती. "गॅसचा सिलिंडर आणायला बरी पडेल," असं त्याने आईंना सांगितलं. मित्रांना सांगितलं, की सामान ठेवायला. मला म्हणाला, "बसून बघ ना, पाय सरळ राहतो का?" पाय अगदी सरळ राहिला. ती माझ्यासाठी घेतली असं तो उभ्या आयुष्यात एकदाही म्हणाला नाही आणि तिच्यातून सिलिंडर मात्र एकदाही आला नाही.

पहिल्याच दिवशी त्याने वाट लावली होती. दोन चाकांवर वळायचं तर अंग झुकवावं लागतं, ते त्याच्या हाडात मुरलेलं. तीन चाकांची गाडी झुकत नाही, तिला हँडल धरून वळवावं लागतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डावं वळण आलं, माधव झोकात डावीकडे कलला आणि गाडी सरळ समोरच्या बंगल्याच्या जास्वंदीच्या कुंपणात गेली. मी होडीत, मांडीवर जास्वंदीची फुलं. बंगल्यातले आजोबा बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "पूजेपुरती घ्या आणि बाकीची राहू द्या." त्यानंतर आमच्याकडे कुणी उगाच आवेशात आलं की माधव म्हणायचा, "अंग नाही, हात." हे वाक्य आमच्या घरात लेकीच्या अभ्यासापासून माझ्या ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळीकडे चाललं.

डाव्या वळणाचं आणखी एक आहे. वेगात डावीकडे वळलं की साइडकारचं चाक उचलतं. आत वजन नसेल तर ती चक्क हवेत जाते. त्यामुळे मी बरोबर नसले की माधव सीटवर वाळू भरलेली गोणी ठेवायचा. तिचं नाव त्याने ठेवलं होतं धाकटी. मी माहेरी गेले की शेजाऱ्यांना सांगायचा, "आज धाकटीला घेऊन फिरायला निघालोय." सावंतवहिनी नव्या राहायला आल्या तेव्हा त्यांनी हे खरंच मनावर घेतलं होतं आणि कितीतरी दिवस त्या माझ्याशी फार मायेने बोलायच्या. दिवाळीनंतर तो मला हटकून विचारायचा, "वजन किती गं तुझं?" मी चिडायचे. मग तो गोणीत वाळू घालायचा, कारण चाकाचा जोड त्याने माझ्या वजनाला बेतलेला असायचा. "माझा काय दोष," म्हणायचा, "धाकटी तुझ्यावर गेलीये."

हा जोड बसवणं हे त्याचं रविवारचं व्रत होतं. आईंच्या जुन्या पलंगाच्या दोन लांब फळ्या त्याने जपून ठेवल्या होत्या. एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवायची, दुसरी साइडकारच्या चाकाला, आणि दोन फळ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजपट्टीने मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक जरा आत बघणारं. चाकं अगदी समांतर ठेवली तर गाडी चालताना डावीकडे ओढत राहते. हे मापताना मी आत बसलेली लागायची. तो खाली जमिनीवर आडवा पडून नट सैल करायचा, आवळायचा, आणि मी वरून पेपर वाचून दाखवायचे. एकदा त्याला विचारलं, की सरळ चालायला चाक वाकडं कशाला हवं? तो गाडीखालून म्हणाला, "तुझ्या चाकाने माझ्याकडे थोडं बघत राहायला पाहिजे. नाहीतर मी सगळा वेळ तुला ओढत बसणार." हे तो गाडीबद्दलच बोलत होता. माधवला दुसऱ्या कशाबद्दल बोलता यायचंच नाही, निदान उघडपणे तरी नाही.

त्या गाडीवर आम्ही माळशेज पाहिला, वाई पाहिली, गुहागरला तर इतक्यांदा गेलो की तिथल्या खानावळीच्या बाई आम्हाला "होडीवाले" म्हणायच्या. लेक ऋचा लहान असताना माझ्या पुढ्यात बसायची आणि घाटात झोपायची. चालत्या गाडीत बोलणं अशक्य असतं. इंजिनाचा आवाज, वारा आणि हेल्मेट, यात नवरा-बायकोचं भांडणसुद्धा होत नाही, हा एक मोठाच फायदा. त्यामुळे आमच्या खुणा ठरल्या होत्या. मला चहा हवा असला की मी मडगार्डवर थाप मारायची. डावं वळण जवळ आलं की तो डावा गुडघा दोनदा बाहेर काढायचा आणि मी अंग बाहेर टाकून डावीकडे झुकायची. तो हातांनी वळवायचा, झुकायचं काम माझं. सिग्नलला रिक्षावाले शेजारी थांबून विचारायचे, "काका, मीटर कुठंय?" माधव गंभीरपणे म्हणायचा, "शेअर आहे रे, एकच सीट बाकी होती, मॅडमनी घेतली." आपल्याला बांद्र्याच्या पुढे सोडणार नाहीत, कारण तिकडे तीन चाकांना बंदी, असं तो ऋचाला अगदी मोठी होईपर्यंत सांगायचा. ती बंदी रिक्षांना आहे, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं.

साइडकारमधून नवरा वेगळाच दिसतो. तुम्ही खाली असता आणि तो वर, उजवीकडे. इतकी वर्षं प्रवासात मी त्याची फक्त डावी बाजू पाहिली. हेल्मेटच्या खालून दिसणारी हनुवटी, गरम सायलेन्सरला लागून भाजल्याचा पोटरीवरचा डाग, घड्याळ, क्लचवरची बोटं. रागावला की तो जबडा कसा हलवायचा ते मला डावीकडून पाठ आहे. त्याचा पहिला पांढरा केस मी तिथूनच पाहिला, कानामागे, नाशिकच्या रस्त्यावर एका धाब्यापाशी. सांगितला नाही. पुढे क्लच दाबताना त्याची बोटं थरथरायला लागली, तेही तिथूनच दिसलं, आणि तेही सांगितलं नाही, कारण त्याला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. लांबचे प्रवास आपोआप कमी झाले. गुहागरचं ऐरोली झालं... आता घरातल्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे. तो समोरून काढलेला आहे. लोक म्हणतात, किती छान आलाय. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहते, पण फोटोला बाजू नसते.

दोनेक वर्षांपूर्वी माधवने साइडकारच्या पुढच्या कडेला, माझ्या उजव्या हाताशी, एक दांडी बसवली होती. रिक्षात पकडायला असते तशी, वर रबर गुंडाळलेली. मला आत बसवून, माझा हात हवेत कुठपर्यंत पोचतो ते बघून त्याने खडूने खूण केली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू दे. उठायला बरी."

"उठायला तू आहेस ना."

त्याने दांडीवरचं रबर आणखी घट्ट केलं. मी त्या दांडीला हात लावला नाही. त्याच्या हाताची सवय झालेली होती आणि मला नवी सवय नको होती. मी मुद्दाम हात वर करून बसून राहायचे, आणि तो वळसा घालून यायचा. त्या रविवारी सावंतवहिनींची हाक आली तेव्हा ती दांडी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मला आठवलीसुद्धा नाही.

माधव गेल्यावर काही आठवड्यांनी बोरिवलीचा एक तरुण गाडी बघायला आला. ऋचाही बोरिवलीलाच राहते, तिच्या ओळखीतला, जुन्या गाड्यांचा शौकीन. ऋचा मला म्हणाली, "आई, तू ठरव. माझं काही म्हणणं नाही." पोरगा चांगला होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे डोळे चमकले. मग त्याने साइडकारकडे पाहिलं. "हे काढून टाकू. आजी, तुम्ही ठेवा ना तुमच्याकडे, माती भरून झाडं लावा, झकास दिसेल." मी म्हटलं, आधी चालवून बघ. तो म्हणाला, मी लडाखला जाऊन आलोय. किक मारली, ऐटीत निघाला, गेटपाशी डावीकडे अंग टाकलं आणि गाडी सरळ वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर. बरं झालं, वॉचमन पाणी भरायला गेला होता.

"अंग नाही, हात," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की ऋचाने तोंड फिरवलं.

मग त्याला नीट जमावं म्हणून मी आत बसले. बसायला कुणी लागत नाही, कडेला टेकून पाय आत सोडता येतो. गाडी गल्लीतून निघाली. जास्वंदीचा बंगला आता राहिलेला नाही, तिथे टॉवर उभा राहतोय, पण वळण तेच आहे. ते आलं तसं माझं अंग आपोआप डावीकडे गेलं. आजकाल रिक्षातही जातं आणि रिक्षावाला आरशातून बघतो. चाक जमिनीला धरून राहिलं, गाडी छान वळली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी उजवीकडे वर पाहिलं... एक कोवळा जबडा, नीट कापलेली दाढी, अनोळखी कान. त्या क्षणी मला माधव हवा होता. आठवण म्हणून नाही, तोच हवा होता, तिथे, त्या सीटवर. मला रडू आलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

परत आल्यावर त्या मुलाने गाडी बंद केली, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि हात पुढे केला. "या आजी." संस्कारी पोर. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि माझा हात दांडीवर गेला. ती बरोबर तिथेच होती जिथे हात पोचतो. मूठ तिच्यावर नीट बसली. मी जोर लावला आणि सरळ उभी राहिले, कुणाच्याही मदतीशिवाय. इतकं सोपं होतं ते.

"गाडी विकायची नाही रे," मी त्याला म्हटलं. "चहा घेऊन जा."

आता रविवारी ऋचा बोरिवलीहून येते. फळ्या लावते, मापं घेते, मी आत बसून पेपर वाचते. तिचं डावं वळण अजून कच्चं आहे. चक्कर मारून आल्यावर ती गाडी बंद करते आणि हेल्मेटं घेऊन वर जाते, मला हात द्यायला थांबत नाही, मीच तिला तसं सांगितलंय. मी दांडी धरून उठते. त्याआधी हात वर करून जरा वेळ बसते.