अक्काच्या माळेची नोंद

सूनबाई अंबडला एका कंपनीत काम करते. इंटरनेटवरून चालणारे फोन ही कंपनी कारखान्यांना बसवून देते आणि त्यांवरून झालेल्या प्रत्येक संभाषणाची नोंद डेटाबेसमध्ये साठवते. त्या नोंदींची व्यवस्था सूनबाईकडे आहे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. उच्चार विरला तरी शब्द नष्ट होत नाही, असे मानणाऱ्या मीमांसकांचे ग्रंथ गुरुजींच्या पायाशी बसून वाचले. त्यामुळे संभाषणे साठवतात हे ऐकून मला नवल वाटले नाही. माणसे जे बोलली ते सारे त्या यंत्रात सुखरूप नांदत असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

माझी थोरली बहीण, अक्का, उतारवयात परदेशी मुलाकडे राहायला गेली, तेव्हा सूनबाईने कंपनीच्या परवानगीने तसला एक फोन आमच्या देवघरात बसवला आणि त्याचीच जोडणी अक्काच्या मोबाइलवर करून दिली. इथे दिवेलागण होई तेव्हा तिथे अक्काची सकाळ असे. आमच्या वडिलांनी लहानपणी आम्हा दोघांना एक नेम लावून दिला होता. दिवा लागला की शेजारी बसून एक माळ जप करायचा, मौनाने. ज्याचा आधी होईल त्याने दुसऱ्यासाठी गप्प थांबायचे. दोघांचा झाल्यावरच उठायचे. लग्न होऊन अक्का सिन्नरला गेली तेव्हा तो नेम तुटला होता. म्हातारपणी या फोनने तो पुन्हा जुळवून दिला. मी फोन देवापुढे उघडा ठेवी, ती आपल्या खिडकीशी ठेवी, आणि आम्ही काही न बोलता जप करीत असू. शेवटी तिकडून आवाज येई, "झालं का रे? गंध उगाळायला बसलास की देव ताटकळायचे, तसंच अजून."

अडचण अशी झाली की जप अर्ध्यावर येई तोच फोन आपोआप बंद पडे. सूनबाईने कचेरीतल्या नोंदी पाहून कारण सांगितले. एखाद्या बाजूकडून बराच वेळ आवाज आलाच नाही, तर तिथले माणूस निघून गेले असे समजून यंत्र फोन बंद करते. नियम सगळ्याच ग्राहकांसाठी होता. आम्हा दोघांच्या मौनासाठी तो बदलता येत नव्हता. मधूनमधून काही बोलत जावे, असे तिने भीत भीत सुचवले. बोललो तर मौन कसले, असे मी म्हणालो. उपाय अक्कानेच काढला. गोमुखीतली माळ तिने बाहेर काढून ताम्हनावर धरली. ओढलेला प्रत्येक मणी ताम्हनाच्या काठावर टेकून हलकेच वाजू लागला. माळ उघड्यावर जपू नये, याची मी तिला आठवण करून दिली.

"देवाला ठाऊक आहे मी काय करतेय ते," ती म्हणाली. "तुझ्या सुनेच्या त्या बहिऱ्या यंत्राला तेवढं ऐकू जाऊ दे."

मग मीही ताम्हन घेतले. गोदावरीकाठी एक मणी वाजे आणि समुद्रापार दुसरा. कधी दोन्ही एकदम वाजत, कधी एकामागून एक, एका घरात दोन घड्याळे चालावीत तसे. त्या आवाजाइतका निवांतपणा मला दुसऱ्या कशात लाभला नाही.

एका संध्याकाळी तिच्या बाजूचा मणी वाजायचा थांबला. तिचा जप आटोपला आणि रीतीप्रमाणे ती माझ्यासाठी थांबली आहे, असे मी समजलो. माझी माळ संथच चालली होती. ती संपण्याआधी फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी थट्टा ऐकावी लागणार, असे मनाशी म्हणत मी दिव्यात तेल घातले. सकाळी भाच्याचा फोन आला. अक्का खिडकीजवळच्या खुर्चीतच गेली होती. माळ मांडीवर पडलेली होती; बोट कोणत्या मण्यावर होते हे त्या गडबडीत कोण पाहणार?

भाचा अस्थी घेऊन आला. रामकुंडावर विसर्जन झाले, दिवस झाले, तिची माळ माझ्यापाशी राहिली. पण मनातून एक गोष्ट जाईना. आरंभलेला जप अपुरा ठेवून कोणी गेले, तर जवळच्याने तो पुरा करून त्याला अर्पण करावा, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. अक्काचा त्या दिवशीचा जप पुरा झाला होता की राहिला होता? ती माझी वाट पाहत थांबली होती, की तेव्हाच निघून गेली होती?

जुन्या नोंदी मुदतीनंतर पुसल्या जातात, हे मी सूनबाईकडून ऐकले होते. तेव्हा संकोच सोडून तिला विचारले, की अक्काचा आवाज तुमच्याकडे असेल ना.

ती म्हणाली, "आवाज नाही ठेवत आम्ही, बाबा. आवाज येत होता, एवढंच ठेवतो."

रविवारी तिने लॅपटॉप देवघराच्या उंबऱ्याशी आणला. फोन कोणी लावला, कोणत्या बाजूचा आवाज केव्हापर्यंत येत राहिला, शेवटी बंद कोणी केला, असे रकाने होते. आमच्या कितीतरी संध्याकाळी तिथे एकाखाली एक उभ्या होत्या. अक्काच्या माळेला लागणारा वेळ रोज जवळजवळ सारखाच. त्या शेवटच्या दिवशी तिच्या बाजूचा आवाज त्याच्या निम्म्याच्या जरा पुढे जाऊन थांबला होता.

"आणि बंद कोणी केला?" मी विचारले.

"यंत्राने. आत्यांनी नाही आणि तुम्हीही नाही."

जप राहिला होता. तो मी कुठेही बसून पुरा करू शकलो असतो. परंतु जिथे तो अपुरा म्हणून लिहिला गेला, तिथेच पुरा लिहिला जावा, असे मला फार वाटले. सूनबाईला हे सांगताना मी अवघडलो होतो. तिने काहीएक न विचारता अक्काची जोडणी आपल्या मोबाइलवर घेतली आणि स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसली, म्हणजे त्या बाजूनेही आवाज येत राहील. जाताना म्हणाली, "झालं की तुम्ही स्वतः फोन ठेवा, बाबा. म्हणजे नीट संपला अशी नोंद होईल."

दिवा लावून मी अक्काची माळ ताम्हनावर धरली. किती मणी राहिले होते हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून सारी माळ जपली. फोनमधून विळीचा आवाज येत होता. जपात मन लागले तसा तोही मला ऐकू येईनासा झाला. मेरुमणी बोटाला लागला. जप अर्पण केला, ताम्हनात पाणी सोडले, आणि फोनकडे हात नेला.

तो ठेववेना. ज्याचा आधी झाला त्याने थांबायचे असते. मी माळ मांडीवर घेऊन गप्प बसून राहिलो. सूनबाईनेही आत फोन तसाच राहू दिला. शेवटी यंत्रानेच तो बंद केला.