गडग्याकडची जागा

लुद्रिकसर दाढीचा आरसा घेऊन दफनभूमीत जायचे. थडग्यावरची अक्षरं झिजलेली असली की ते मला आरसा धरायला लावत. ऊन दगडावर तिरकं पडे आणि पुसट नाव सावलीनं पुन्हा उमटे. सर ते मोठ्यानं वाचत, वर्गात हजेरी घेतल्यासारखं.

शाळेत ते आम्हाला भूमिती शिकवायचे. नाव साल्वादोर, पण गावात सगळ्यांचे सर. आपल्या घराण्याबद्दल ते तरुणपणापासून विचारत असत; निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर शोध सुरू केला. मी मराठीत एम.ए. करून मालवणला परत आले होते. नोकरी नव्हती, स्कूटर होती. सरांना तेवढं पुरलं. दोडामार्गापर्यंतची चर्चं आम्ही पालथी घातली. लग्नांच्या जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असत, कुठे पोर्तुगीजमध्ये. सर दोन्ही भाषा कामापुरत्या शिकले.

"नवरा-नवरी सोड, साक्षीदार बघ," ते म्हणत. "साक्षीदार एकतर मामा असतो, नाहीतर शेजारी. तिथून पुढचं गाव सापडतं."

फादरना माझी ओळख करून देताना ते 'ही माझी मैत्रीण गौरजा' म्हणायचे. फादर चपापायचे. सरांना त्याची मजा वाटायची.

आम्ही निघालो की त्यांची बायको, जेसिंताकाकी, दारात यायच्या.

"चललात काय सरानु, मेल्यांका भेटूक? येताना जित्यांसाठी बांगडे हाडा."

"तुझ्या माणसांका पण शोधतंय गो."

"नको. माझी माणसा हरवूक नायत."

सरांचा एक नियम होता. दगड आणि नोंद, दोन्ही जुळले तरच नाव शाईनं लिहायचं. एकच पुरावा असेल तर पेन्सिलीनं. पुरावा नसेल तर जागा कोरी.

नातीच्या, ग्लेनिशाच्या लग्नासाठी त्यांनी सगळी वंशावळ एका मोठ्या कागदावर काढली आणि बाहेरच्या खोलीत लावली. पाहुणे बोटं लावून नावं वाचत होते. गर्दी कमी झाल्यावर काकी चष्मा घालून पुढे आल्या. खालपर्यंत वाचत गेल्या. मुलाच्या, क्रिस्टोफरच्या नावावर बोट ठेवून थांबल्या.

"ह्येच्या आधीचो खंय आसा?"



"आजी, कोण आधीचा?" ग्लेनिशानं विचारलं.

"माझो पयलो," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला सांगितलं. पहिलं मूल जन्मल्यावर थोडा वेळच जगलं. बाप्तिस्मा झाला नव्हता. त्या काळी आमच्या गावात अशा मुलांना थडग्यांमध्ये जागा देत नसत. दफनभूमीच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या भिंतीला लागून, क्रूस न लावता पुरत. त्यांची नोंदही कुठे करत नसत. सरांच्या वडिलांनी मूल कापडात गुंडाळून नेलं. सर पाठोपाठ गेले. गडग्यापाशी वडील म्हणाले, "तू बघू नको. तोंड फिरव." सरांनी फिरवलं. काकी बाळंतिणीच्या खोलीतच होत्या.

"वडील त्यानंतर वीस वर्षं जगले," सर म्हणाले. "त्यांना मी पणजोबांचं विचारलं. खापरपणजोबांचं विचारलं. हे नाही विचारलं."



काकींनी फार मागितलं नव्हतं. दोन नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांची थडगी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. काकी दर वर्षी मधल्या मोठ्या क्रुसाखाली एक मेणबत्ती लावायच्या. ती आपल्या सासू-सासऱ्यांसाठी असेल, असं सर समजत आले होते. या वर्षी ती मुलाजवळ लावायची होती. जागा तेवढी दाखवा, म्हणाल्या.

सर कामाला लागले. खड्डे खणणारा त्या वेळचा माणूस कधीच वारला होता. गडगा मध्यंतरी पाडून नवा बांधला होता. लांबी मोठी, खूण एकही नाही. सर रोज सकाळी जायचे. आता आरशाचा उपयोग नव्हता.

"सर, एखादी जागा दाखवून टाका ना," मी शेवटी म्हटलं.

"आणि ती चुकीची असली तर? ती दुसऱ्याच कुणाच्या मुलावर रडेल, गौरजा."

दोन तारखेला आम्ही तिघं गेलो. काकींनी नवी साडी नेसली होती. फादर थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरत होते. सर गडग्यापाशी उभे राहिले. घसा साफ केला.

"जेसिंता, माका नक्की सांगूक येणा नाय. हयसून थंयपर्यंत खंयतरी."

 काकी एकट्याच गडग्याच्या कडेनं चालत गेल्या. चाफ्याखाली थांबल्या.

"हयच असात," त्या म्हणाल्या आणि वाकून मेणबत्ती लावली.

"थंय नाय गो," सर चटकन म्हणाले. "थंय तेव्हा कातळ होतो. पुरूक माती खंय होती?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला.

काकींनी फुंकर घालून मेणबत्ती विझवली.

"साल्वादोर," त्या म्हणाल्या. त्यांनी सरांना नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "खोटा सांगलं असतंस तर माका चललां असतां रे."

घरी येऊन सरांनी वंशावळीचा कागद उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला.  काकी पूर्वीसारखंच जेवायला वाढत, पण दारात येऊन थट्टा करणं संपलं. सर गॅलरीत बसून असायचे. मी गेले की म्हणायचे, "कातळ होता, हे खरं होतं." दर वेळी तेवढंच. फेब्रुवारीत एका दुपारी ते खुर्चीतच गेले.

क्रिस्टोफरला त्यांना मधल्या क्रुसाजवळ, आजोबांशेजारी पुरायचं होतं. घराण्याची जागा तिथेच होती.

"नको," काकी म्हणाल्या. "त्यांका गडग्याकडे ठेव."

"आये, थंय आपला कोण नाय."

"आसा," काकी म्हणाल्या. "सरांका सापडात आता."

फादरनी हरकत घेतली नाही. आता तो पट्टाही दफनभूमीतच धरतात. माणसं खणायला लागली तेव्हा काकींनी खुर्ची नाकारली. खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्या वर येणाऱ्या प्रत्येक फावड्याकडे बघत होत्या. खणणाऱ्याला दोनदा म्हणाल्या, "सावकाश रे पुता, सावकाश."

त्यानं हात हलका केला. तांबडी माती निघाली. चिऱ्याचे तुकडे निघाले. दुसरं काही निघालं नाही.