करमाडच्या लग्नात लाईट गेलीच नाही

“भानुदासराव, लाईट जाणार म्हणून तुम्हीच सांगता, अन् जनरेटरबी तुमचाच. मग मी काय समजायचं?”

करमाडचे उत्तमराव मांडवात माझ्यासमोर उभे होते. डोक्याला फेटा, हातात अक्षतांची परात. साडेबाराला त्यांच्या मुलीचं लग्न लागणार होतं. मी सकाळीच फोन केला होता की आज दुपारी तुमच्या गावाला शटडाउन आहे. शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी आधी सांगून बंद केलेली लाईट. त्यांनी जनरेटर नको म्हटलं. तरी मी टेम्पोवर टाकून आणला. मंगलाष्टकं चालू असताना माइक मेला, पंखे थांबले, तर पोरीच्या बापाला जन्मभर ऐकावं लागतं. पाहुणे जेवण विसरतात, हे विसरत नाहीत.

माझं शहरात, औरंगपुऱ्यात जनरेटर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. मी मोबाईल पुढं केला. “हे बघा. वीज ऑफिसची पोस्ट. करमाड, बारा ते तीन.”

उत्तमरावांनी स्वतःच्या मोबाईलवर त्या ऑफिसचं अकाउंट उघडलं. खालीवर बघितलं.

“इथं तर काहीच नाय. घरी टाइप करून आणलं काय?”

“टाइप करता आलं असतं तर जनरेटर ओढत हिंडलो असतो का मी?”

मांडववाला हसला. उत्तमराव नाही हसले.

माझ्याकडं ती पोस्ट कशी आली ते सांगतो. आधी मी पण सोशल मीडियाच्या ॲपवरच बघायचो. तिथं पहिल्यांदा कुणाचा तरी नाच, मग साबणाची जाहिरात, अन् शटडाउनची पोस्ट दिसायची ती मागच्या आठवड्यातली. सून म्हणाली, “मामा, तुम्हाला नाच बघायचाय का लाईटचं?”

मी म्हणालो, “दोन्ही. पण धंद्याच्या टायमाला लाईटचं.”

तिनं मला लागतात तेवढ्या अकाउंटची फीडं एका वेगळ्या ॲपमध्ये जोडून दिली. फीड म्हणजे अकाउंटनं जे टाकलं ते सरळ आपल्याकडं येऊन पडतं. नवं वर, जुनं खाली. मधे कुणी घुसत नाही, लॉगिन लागत नाही. वेरूळच्या जत्रेचंही एक अकाउंट त्यात आहे. तिथं स्टॉलवाले जनरेटर घेतात.

“एवढी खात्री हाय तर सबस्टेशनला फोन लावा ना,” उत्तमराव म्हणाले.

नेमकं तेच मी टाळत होतो. ते काम माझ्या बायकोचं होतं. सुमन दुकानात बसायची. रोज सकाळी सबस्टेशनांवर फोन लावायची, आधी तिथल्या लोकांच्या घरचं विचारायची, मग शटडाउनचं. दिवाळीनंतर ती गेली. मी एकदाच फोन लावला, तर पलीकडून पहिला सवाल, “वहिनी कुठंयत?” मी फोन ठेवून दिला. फीड काही विचारत नाही. म्हणून मला ते आवडलं होतं.

आता सगळा मांडव बघत होता. लावला फोन. ऑपरेटरनं उचललाच नाही.

“उभा करा तिकडं मागं,” उत्तमराव म्हणाले. “पण मी मागवलेला नाय, ध्यानात ठेवा.”

मी चेंजओव्हर जोडला. मांडवाची वायर लाईनवरून जनरेटरवर फिरवायचा तो खटका. त्यावर हात ठेवून बसलो. बारा वाजून गेले. मंगलाष्टकं सुरू झाली. पंखे गरगर फिरत होते. लाईट जावी म्हणून आजवर देवाला गुपचूप सांगितलंय मी, धंदाच तसा आहे. त्या दिवशी मात्र म्हणालो, राहू दे बाबा, पोरीचं लग्न आहे. अक्षता पडल्या. ताशा वाजला. बल्ब मिचमिचलासुद्धा नाही.

नवरीचे भाऊ दर थोड्या वेळानं येऊन विचारायचे, “काका, गेली का लाईट?”

नवरीची आत्या ओरडली, “अरे, त्यांना जेवायला तरी वाढा. लाईट जाईस्तोवर बसतील बिचारे!”

तेवढ्यात ऑपरेटरचा फोन आला. “काका, ते काम पुढच्या आठवड्यावर गेलं. पोस्ट आम्ही सकाळीच काढून टाकली.”

तेव्हा उजेड पडला. आदल्या संध्याकाळी पोस्ट आली तेव्हाच फीडनं ती माझ्याकडं आणून टाकली होती. नंतर तिकडं काढून टाकली, पण माझ्याकडं ती तशीच पडून राहिली. उत्तमराव खरे होते, अन् मीही खोटा नव्हतो.

“अन् वहिनी कुठंयत हो? लई दिवसांत फोन नाय त्यांचा.” ऑपरेटरनं पुढं विचारलं.

या वेळी फोन नाही ठेवला. सांगितलं. तो म्हणाला, “मला दरवेळी विचारायच्या, डबा आणलाय का आजपण वडापाव?” ताशाच्या आवाजात आम्ही दोघं बराच वेळ तिचंच बोलत राहिलो.

मग डोळे पुसून उत्तमरावांकडं गेलो. “लाईट जाणार नाही. टेम्पो काढतो.”

ते काही बोलणार, तोच नवरदेवाचे वडील आले. जनरेटरभोवती एक चक्कर मारली. “वा व्याही! लाईट असताना जनरेटर उभा? लई तयारीचा माणूस तुम्ही.”

उत्तमरावांनी फेटा सारखा केला. “आमच्याकडं पोरीच्या लग्नात हयगय नसती.”

व्याही पुढं गेले, तसा त्यांनी माझा दंड धरला. “कुठं काढता? वरात निघेस्तोवर राहू द्या. अन् जरा पुढं घ्या, दिसेल असा.”

पुढं घेतला. आत्यानं जनरेटरला हार घातला. पोरींनी त्याच्यासमोर फोटो काढले. मी दोनदा जिलबी घेतली. जाताना व्याह्यांनी धाकट्या मुलाच्या लग्नाला सांगून ठेवलं, “लाईट जावो न जावो, जनरेटर पाहिजेच.”

फीड अजून आहे. पण त्यात शटडाउन दिसलं की आधी सबस्टेशनला फोन लावतो, सुमनसारखं तिथल्या लोकांच्या घरचंही विचारतो. कुणी काय टाकलं ते फीड सांगतं. टाकलेलं मागं घेतलं का, ते माणसालाच विचारावं लागतं. सून वैतागते. म्हणते, “मामा, तुमचा फोन तासभर बिझी लागतो. मग मी फीड कशाला जोडून दिलं?”