कोरा प्लग

“कोरा म्हणजे कोणचा कोरा, बेटा? चहावाला का कागजवाला?”

“कागजवाला, बाबा. एकदम सफेद. कोरा आणखी कसा असतो?”

शरद मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. पुढ्यात गिऱ्हाईक भास्कररावांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल उघडून पडलेली. पिस्टन सिलिंडरला असा चिकटलेला की हातोड्यानंही हलेना. काल नालछा गावाच्या पुढं, चढावर इंजिन जाम झालं, मागलं चाक जागीच थिजलं नि भास्करराव डांबरावर. खुबा मोडला.

शरदनं धारमधे उभी हयात गाड्यांचे स्पार्क प्लग वाचण्यात घातली. प्लग काढायचा, टोक बघायचं नि इंजिनाच्या पोटात काय शिजतंय ते सांगायचं. त्याचं माप चहाचं. दुधाच्या चहासारखं टोक असलं तर गाडी निरोगी. कोऱ्या चहासारखं काळं असलं तर पेट्रोल जास्त जातंय, ते आवळा. पांढरं पडलं तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापून मरेल, आणखी सोडा.

मग शुगरनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. इंदूरच्या डॉक्टरनं हात टेकले. काळं काय, पांढरं काय, शरदला सगळं धुरकट. पण गिऱ्हाइकाला सांगायचं कुठल्या तोंडानं? प्लग डोळ्यांपुढं ऐटीत फिरवायचा नि लेकीला हळूच विचारायचं, “चहा कसा गं?” जान्हवी हिंदी शाळेत शिकलेली, मराठी घरापुरती. आजवर ‘दुधाचा’ नि ‘काळा’ एवढ्यावर भागलं. परवा भास्कररावांचा पांढराफटक प्लग बघून ती म्हणाली, “कोरा.”

“बाप-लेकीला चहाबिगर काही सुचत नाही!” भास्करराव हसले होते.

शरदनं कोरा म्हणजे काळा समजून पेट्रोल आणखी आवळलं.

“चूक माझी झाली ना, बाबा?” जान्हवीनं विचारलं.

“तुझी कशाची? आंधळा मी, नि दुनियेला उल्लू बनवत बसलो.”

“भास्करकाकांना नका सांगू. दुकान बसेल.”

“बसू दे. त्यांचा खुबा मोडला, तो माझ्यामुळंच ना?” त्यानं पाना खाली ठेवला. “संध्याकाळी दवाखान्यात नेऊन सोड मला. तू बाहेर थांब. मी एकटा बोलतो.”

तेवढ्यात धामनोदकडचा एक जण गाडी ढकलत आला. “मिस्त्री भिया, प्लग बघा जरा. गाडी लई धूर मारते.”

शरदचा हात सवयीनं पुढं झाला, मग मागं आला.

“दुसरीकडे दाखव, भिया. मला दिसत नाही.”

“मजाक करता काय सकाळी सकाळी!”

“मजाक नाही. पंक्चर असतं तर काढलं असतं.”

तो माणूस थोडा वेळ घुटमळला नि गाडी ढकलत पुढच्या दुकानाकडे गेला. जान्हवीनं तोंड फिरवलं.

कोपऱ्यात कुणाची तरी ट्यूब पडली होती. शरदनं ती चाचपून उचलली, पंपानं फुगवली नि ओठांजवळून हळूहळू फिरवत हवा कुठून निसटते ते शोधू लागला.