पेटीजवळ धरलेला फोन

मी हॉलंडला निघाले त्या संध्याकाळी आबांच्या तोंडावर जाळी होती. फाल्गुन होता. दौंडच्या पलीकडे एका शेतकऱ्याचा बियाण्याचा कांदा फुलावर आला होता आणि त्याला बी धरायला आबांच्या मधमाश्यांच्या पेट्या नेमक्या त्याच दिवशी हव्या होत्या. पेट्या दिवस मावळल्यावरच हलवतात, माश्या घरी परतल्यावर. माझी मुंबईची गाडीही तेव्हाच आली. इकडे टेम्पोत पेट्या चढत होत्या, तिकडे डिकीत माझ्या बॅगा. आई आबांना म्हणाली, "अवं, जाळी तरी काढा. पोरगी चाललीय." आबा म्हणाले, "माश्या हायेत." पेट्यांची दारं केव्हाच बंद झाली होती, आसपास एकही माशी नव्हती. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि गाडी भांडगावच्या फाट्यावरून हायवेला लागली. वडिलांचा चेहरा न बघता मी देश सोडला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. विमानात बसल्यावर राग गेला आणि रडू आलं.

आमचं घराणं मेंढपाळांचं. आबांचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुढे आजोबांनी मेंढरं विकून जमीन केली आणि आबा तिथे असे काही रुजले, की पुण्याला एक रात्र मुक्काम करायचा म्हटलं तरी त्यांच्या जिवावर येई. कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या घेऊन आले. दोनाच्या पुढे बऱ्याच झाल्या. ते म्हणायचे, "मेंढरागतच हायेत, पण मागं फिरावं लागत न्हाई. सकाळी सोडायची, सांजंला आपसूक वाड्यावर." आई म्हणायची, ह्यांनी म्हातारपणी माझ्यावर सवत आणली. तीही हजारोंनी.

पण सवतीचं सगळं तीच करायची. माघ सरता सरता हौदाच्या खालच्या अंगाला आळी करून ती भोपळा, दोडका, घेवडा लावायची. कोथिंबिरीचा एक वाफा मुद्दाम उपटायची नाही, माश्यांसाठी फुलू द्यायची. पेट्यांच्या स्टँडखालच्या वाट्यांत पाणी भरायची, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मग शेवगा फुलायचा, पाडव्याच्या सुमारास कडुनिंब. सकाळी अंगणात एक बारीक घूं असा आवाज भरून असायचा आणि तो इतका रोजचा होता, की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही.

इथे मी काचेच्या शेतात काम करते. एकरच्या एकर टोमॅटो काचेखाली, बाहेर बर्फ असला तरी आत चैत्र. परागीभवनाला भुंग्यांसारख्या जाड माश्या लागतात, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून कुरियरने येतात. खोक्यावर बारकोड असतो. काही आठवड्यांनी माश्या संपल्या, की खोकं कचऱ्यात आणि नवीन ऑर्डर. पहिल्या वर्षी मी हे आबांना फोनवर कौतुकाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्यांची राणी पण टाकतात का? मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाविषयी कधी काही विचारलं नाही.

तसंही फोनवर त्यांना बोलताच यायचं नाही. जेवलीस का, थंडी हाय का, इथे गाडी अडायची. मग एका रविवारी त्यांनी फोन नेऊन पेटीला लावला. तो आवाज मी कँटीनमध्ये कानात इअरफोन घालून ऐकला आणि हातातला ब्रेड तसाच राहिला. घरी असताना जो कधी ऐकू आला नव्हता, तो हाच. तेव्हापासून दर रविवारी आईचं बोलून झालं की आबा मला पेटी ऐकवत. राणी नीट असली की आवाज एकसारखा असतो, राणी गेली की त्यात एक रडका सूर येतो. तो फरक मी इथे बसून शिकले. तुमच्यापैकी जे लांब गेलेत, त्यांच्या घरचंही असं काही असेल. माझं हे होतं. रजा मी नेहमी फाल्गुनातच टाकायची, फुलोरा बघायला.

गेल्या वर्षी माझ्या रजेला अजून अवकाश असताना आबांना माशी चावली. आयुष्यभर चावतच होत्या, ते नख लावून काटा काढायचे आणि कामाला लागायचे. या वेळी अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास अडकला. माझा भाऊ कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला असतो. नशिबाने तो घरी होता, म्हणून आबा वेळेत दौंडच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शरीर कधीकधी असं उलटतं, आता पुढची माशी जीव घेईल. पेट्या काढून टाका.

आबा ऐकेनात. घरच्यांचा डोळा चुकवून पहाटे पेट्यांशी जायला लागले. आईने मला फोन केला आणि नुसती रडली. मी मिळाली ती रजा घेऊन आले. वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं, पण ओट्यावर बसलेले आबा बघितले आणि एवढंच बोलता आलं, "आबा, तुम्ही गेलात तर मी फोन कुणाला करू?" ते उठून शेताकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच भावाला सांगितलं, शिरूरच्या त्या पेट्यावाल्याला बोलव, पेट्या घेऊन जाऊ दे.

पेट्या न्यायला टेम्पो आला. आबांना आम्ही घरात खिडकीशी बसवलं होतं, काच लावून. पेट्यावाला घाईत होता, उजेड असतानाच दारं बंद करायला लागला. आबांनी काचेवर हात आपटला. "थांबा जरा. समद्या आल्या न्हाईत अजून." तो थांबला. आम्ही सगळे अंधार पडेपर्यंत उभे राहिलो.

तरीही काही मागे राहिल्याच. सकाळी त्या रिकाम्या स्टँडवर घिरट्या घालत होत्या, जिथे दार होतं नेमक्या तिथे. आबा खिडकीतून बघत होते. दोन दिवसांनी त्याही दिसेनाशा झाल्या. मी परत निघाले तेव्हा आबा मुंबईपर्यंत आले, त्यांना मागे थांबायला काही कारण उरलं नव्हतं. या वेळी चेहरा उघडा होता आणि माझ्याने तो बघवला नाही.

यंदा आईच्या भोपळ्याला फळं कमी धरली. ती पहाटे उठून नराचं फूल तोडते आणि मादीच्या फुलाला हाताने लावत फिरते. म्हणते, सवतीचं काम पण माझ्याच गळ्यात पडलं.

मागच्या रविवारी तिने फोन आबांकडे दिला. ते सवयीने बाहेर गेले, चपलांचा आवाज मला येत होता. मग चपला थांबल्या. फोनमध्ये वारा होता, लांबून हायवेच्या गाड्या होत्या. पेट्या गेल्या आणि आबा राहिले, हे मीच मागितलं होतं. अजूनही तेच मागेन. पण मला घर म्हणून जे ऐकू यायचं, ते गेलं होतं.

"कवा येतीस?" आबांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी गडबडले आणि सवयीने म्हणाले, येते की फाल्गुनात, फुलोऱ्याला.

"फुलोऱ्याला कशाला थांबतीस," आबा म्हणाले. "आता हितं बघायला आमी दोघंच हाय."