ट्रॅक्टरच्या रांगेत वाजलेलं 'गाळप'

स्वप्नाली आमच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. बारामतीत आयटीआय करून ती आली, तेव्हा मिल हाऊसमध्ये काम करणारी ती एकटीच मुलगी होती. भल्यामोठ्या रोलरांत ऊस जिथं चिरडला जातो, तिथं शेजारच्याशी बोलायचं तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात. तिचा आवाज तिथंच घडला. मी काट्यावर असतो, येणारा ऊस वजन करून आत सोडतो. पाळी सुटल्यावर ती कुणाला साधी हाक मारायची, तरी माझ्या खिडकीपर्यंत ऐकू यायची.

तिचा वर्गमित्र इंद्रजित बारामतीत साउंड सिस्टिम बसवून देतो आणि गिटार वाजवतो. त्यानं एकदा तिला हेडफोन लावून परदेशातलं इंडस्ट्रियल रॉक ऐकवलं. लोखंडावर लोखंड आपटावं तसा ठेका, करवतीसारखी गिटार आणि वर जीव तोडून ओरडणारा माणूस. आपली मिलच कुणीतरी गाण्यात बसवलीय असं वाटून तिला रडू आलं, हे तिनंच मला सांगितलं होतं.

मग तसलंच आपलं गाणं करायचं म्हणून दोघांनी कारखान्याची परवानगी काढून मिलचा आवाज टिपला. वाफेचा फूत्कार, साखळ्यांची खडखड, रोलरांचं कण्हणं. शब्द तिनं लिहिले, तेही थोडेच. पण गाण्याच्या मधोमध एक जागा काही केल्या भरेना. तिथं स्वतःचं ओरडणं तिलाच खोटं वाटायचं.

शेवटी तिनं वडिलांना गळ घातली. तात्याबा पूर्वी मेंढरं राखायचे. कळप मोडून बरीच वर्षं झाली, आता थोडा ऊस करतात. माळावर पांगलेली मेंढरं वळवायला ते जी हाळी द्यायचे, ती तिला हवी होती. मेंढरंच नाहीत तर हाळी द्यायची कुणाला, असं म्हणून ते टाळत राहिले. अखेर एका सकाळी शेताच्या बांधावर उभं राहून, डोळे मिटून, त्यांनी ती दिली. माइक धरलेल्या इंद्रजितनं ती टिपून घेतली.

गाण्याला 'गाळप' नाव दिलं नि ते एका रविवारी इंटरनेटवर आलं. पहिल्या दिवशी ऐकणारे बहुतेक नात्यातलेच. ज्यांनी गाण्याखाली दोन ओळी लिहिल्या, त्यांनी चेष्टाच केली. याच्यापेक्षा कारखान्याचा भोंगा सुरात आहे म्हणाले. आईनं, सारजाबाईंनी, निम्म्यातच बंद करायला लावलं. दिवसभर तोच दणका, घरीबी तोच कशाला, असं त्यांचं म्हणणं. स्वप्नाली दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली.

त्याच आठवड्यात एका दुपारी काट्याबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची लांब रांग लागली होती. त्यात ऊस घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला शंभूराज होता. त्याच्या ट्रॅक्टरवरचे स्पीकरचे बॉक्स इंद्रजितनं बसवलेले, त्याच्याकडूनच त्यानं गाणं घेतलं होतं. कंटाळून त्यानं ते लावलं आणि आवाज पूर्ण सोडला.

माझ्या खिडकीची काच झणझणली. समोर खरी मिल चालू होती, आणि बॉक्समधून तिचाच आवाज तिला सामोरा येत होता. खरा कुठला नि गाण्यातला कुठला, उमगेना. सुरुवातीला ड्रायव्हर हसले. मग हसू आपोआप विरलं. वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन निघालेल्या तोडकरी बाया तशाच उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याला गोंगाट म्हणून कानामागं टाकलं, ते एवढं अफाट काहीतरी होतं.

आणि मग हाळी आली. लांब, चढत चढत गेलेली, सगळ्या लोखंडाच्या वर. रांगेतल्या बैलांनी कान टवकारले. तात्याबा आपल्या उसाबरोबर आले होते, माझ्या खिडकीशीच उभे होते. त्यांची मान गर्रकन वळली ती पलीकडच्या माळाकडं. कळप वळला का, ते बघत होते. मग भानावर येऊन त्यांनी खिडकीचा गज धरला.

"माझा आवाज हाय ह्यो," ते हळू म्हणाले. "एवढा मोठा हुता व्हय?"

गडबड ऐकून स्वप्नाली मिलच्या दारात आली होती. तात्याबांनी लांबूनच हातानं तिला खुणावलं, पुन्हा लावायला सांग म्हणून.

त्या हंगामात ट्रॅक्टरांबरोबर 'गाळप' लासुर्ण्यापासून पळसदेवपर्यंत गावोगाव फिरलं. इंटरनेटवरही ऐकणारे वाढत गेले. मधला आवाज कुठल्या वाद्याचा, असं परदेशातून कुणी विचारलं. "माझे वडील," एवढंच स्वप्नालीनं लिहिलं.

उन्हाळ्यात पुण्याहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मीही गेलो होतो. काळे टी-शर्ट घातलेली पोरं खच्चून भरलेली, आणि मंचावर फेटा बांधून तात्याबा. गाणं त्या जागेवर आलं तेव्हा त्यांनी माइक बाजूला सारला नि उघड्या गळ्यानं हाळी दिली. मग मागून एका पोरानं तशीच हाळी परत दिली, पाठोपाठ दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळ्या सभागृहानं. स्वप्नाली गायचं विसरून वडिलांकडं बघत राहिली. तात्याबा कानामागं हात धरून ऐकत उभे होते.